तीन वाजून दहा

नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
तेओफिलोच्या प्रोसेसरने चारच काढले.
पाचव्या दुपारी पडदा निळा झाला,
मग काळा,
आणि पंखा असा थांबला
जसं कोणी वाक्य अर्ध्यावर टाकून उठून जातं.

सिउदाद देल एस्तेच्या एका बोळात घेतलेला.
पावती नाही, खोक्याला दोनदा लावलेली चिकटपट्टी.
घरी आणून स्वतःच बसवला त्याने,
चष्म्यावर भिंग धरून.

"पिन वाकवली असणार तुम्ही," मी म्हणाले,
आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस
तीन दिवस माझी माफी मागत राहिला.

एकही पिन वाकलेली नव्हती.
हे मी त्याला लगेच सांगितलं नाही.

जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
बायोस नवं केलं.
रॅमची एक पट्टी काढली, दुसरी ठेवली,
मग दुसरी काढली, पहिली ठेवली.
रात्रभर गणितं करायला लावली त्याला,
कपाळाला हात लावून बघावं तसं
दर तासाला तापमान बघितलं.
माझ्या दुकानात तो
सासरी आलेल्या जावयासारखा वागला.
एकदाही पडला नाही.

"लिदुविना, मग माझ्याच घरी का?"
आम्ही गार तेरेरे पीत होतो,
त्याने नळी माझ्याकडे फिरवली
आणि मला उत्तर येत नव्हतं.

म्हणून कोरोनेल ओविएदोच्या त्या उन्हात
खोकं उराशी धरून मी त्याच्या घरी गेले.
टेबलावर गुरांच्या डागांची जुनी वही.
कुणाचा नांगर, कुणाचं उलटं अक्षर,
कुणाचा चंद्र, त्याखाली टिंब.
नगरपालिकेसाठी तो एकेक डाग
संगणकात पुन्हा रेखाटतो.
सहा दुपारी सहा डाग अर्धे राहिले होते.
एका चंद्राला अजून खालची कड नाही.

वाट बघत बसलो.
अडीच. तीन. तीन वाजून पाच.
मग भिंतीपलीकडे
सिंफोरोसाबाईंची विजेची भट्टी गुरगुरली,
चिपाचा दुसरा घाणा.
छतावरचा पंखा जरासा मंदावला,
दिव्याने पापणी लववली,
आणि माझ्या डोळ्यांदेखत
पडदा निळा.

तेओफिलो वर बघत होता, पंख्याकडे.
"अकरा वर्षं रोज हा असाच मंदावतो," तो म्हणाला.
"मला वाटायचं, माझीच दुपार जड होते."

म्हणजे दोष आजचा नव्हता.
भट्टी तीच, तार तीच,
पॉवर सप्लाय तोच, थकलेला.
जुना प्रोसेसर थोडक्यात भागवायचा,
ताटात कमी पडलं तर पाणी पिऊन उठायचा.
नव्याला भूक जास्त,
आणि त्याने ती बोलून दाखवली.
आम्ही त्यालाच नाठाळ म्हणत होतो.

नवा पॉवर सप्लाय, खाली एक बॅटरी.
खर्च ऐकून तो दारात जरा वेळ उभा राहिला,
मग वहीतल्या पानांतून नोटा काढून
मोजून दिल्या.
सिंफोरोसाबाईंना काही सांगू नकोस, म्हणाला,
उगाच भट्टी बंद ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला मी मुद्दाम फोन केला.
"पंखा मंदावला," तो म्हणाला,
"चंद्र पुरा झाला."

मग तिसऱ्या प्रयत्नात, कसंबसं, मीही सांगितलं,
पिन तुमच्या हातून वाकली नव्हती.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखाच ऐकू येत होता.
"जुना आहे का गं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.
"विकू नकोस."

तो माझ्या खणात होता,
पुदिन्याच्या गोळ्यांच्या डबीत, कापसावर.
झाकण उघडून पाहिलं.
एकूण एक पिन सरळ.